बोटीवरची हमाली: क्रूझला निघालेल्यांसाठी एका जुन्या वेटरकडून

दिवाळी झाल्यावर कोल्हापूरच्या मार्केट यार्डातले गूळवाले काका माझ्या खानावळीत आले. जेवायला नव्हे. हातात टूरवाल्याचा कागद होता. सिंगापूरहून निघणारी चार रात्रींची क्रूझ, काका आणि काकी दोघांची. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, 'ग्रॅच्युइटी वगळून'. काकांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही कुठली ग्रॅच्युइटी रे? मी तर अजून रिटायरसुद्धा झालो नाही."

राजारामपुरीत खानावळ टाकण्याआधी मी नऊ वर्षं क्रूझवर होतो. पहिल्यांदा असिस्टंट वेटर, नंतर वेटर. त्यामुळे गल्लीत अजून माझी ओळख 'बोटीवरचा' हीच आहे, आणि कुणी क्रूझचं बुकिंग केलं की पहिला फेरा माझ्याकडे होतो. काका-काकींना जे तासभर बसून सांगितलं तेच इथं लिहितो आहे.

काकांना मी त्यांच्याच धंद्यातून समजावलं. शेतकरी गूळ घेऊन यार्डात येतो, सौदा होतो, शेवटी त्याच्या हातात हिशेबाची पट्टी पडते. पट्टीत गुळाचा दर वेगळा आणि हमाली, तोलाई वेगळी. हमाली कुणी बक्षीस म्हणून देत नाही. ती पाठीवर गुळाचे रवे वाहणाऱ्याची मजुरी असते. बोटीवरची ग्रॅच्युइटी म्हणजे ती हमाली. नाव टिपचं आहे, पण काम मजुरीचं आहे. एवढं एक डोक्यात बसलं की निम्मे घोळ संपतात.

किती आणि कशी

बहुतेक मोठ्या कंपन्या माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर लावतात. स्वीट, म्हणजे मोठी महागडी खोली, घेतला असेल तर दोन-चार डॉलर जास्त. हिशेबाला सोपं म्हणून १८ डॉलर धरा आणि डॉलर ९० रुपयांचा धरा. काका-काकी दोघं, चार रात्री: १४४ डॉलर, म्हणजे १२,९६० रुपये. हेच नवरा-बायको आणि दोन मुलं असतील तर २५,९२० रुपये. हो, मुलांनाही बहुधा पूर्ण लागते. अगदी तान्ह्या बाळाला काही कंपन्या सोडतात, सगळ्या नाही. घरातून निघताना ही रक्कम माहीत नसेल तर शेवटच्या रात्री बिल बघून घाम फुटतो.

म्हणून बुकिंगच्या वेळी टूरवाल्याला एकच प्रश्न विचारायचा: ग्रॅच्युइटी प्रीपेड आहे का? तोंडी "होय होय, सगळं इनक्लुडेड" यावर जाऊ नका. कागदावर लिहून घ्या. तोंडचं इनक्लुडेड बोटीवर चालत नाही. प्रीपेड केलेली बरी, कारण ती रुपयांत, घरच्या बजेटात जाते आणि बोटीवर त्या पैशांची आठवणही होत नाही. नसेल केली तर ती रोज तुमच्या खात्यावर चढत जाते. काही महागड्या कंपन्या ती भाड्यातच धरतात, तिथं हा प्रश्नच नाही.

हे पैसे जातात कुठं, असं काकींनी विचारलं. तुमची खोली दिवसातून एकदा-दोनदा आवरणारा केबिन स्टुअर्ड, जेवणघरातला वेटर, त्याचा असिस्टंट, आणि बऱ्याच कंपन्यांत तुम्हाला कधी न दिसणारी माणसं, म्हणजे लाँड्रीतली, भांडी घासणारी, बुफेचे ट्रे उचलणारी. माझ्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टात घरी जे पैसे यायचे त्यात ठरलेल्या पगाराचा वाटा छोटा आणि या टिपचा मोठा होता. आईनं त्यातूनच माडीवर स्लॅब टाकला.

आणि काम किती, तर आंतरराष्ट्रीय नियमानुसार दर्यावर्दी माणसाला २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्याला किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. हा नियम उलटा वाचा. उरलेले तास कामाला मोकळे. सहा-सात महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टात रविवार नाही, गणपती नाही, त्र्यंबोली यात्रा नाही.

काढून टाकता येते का?

येते. बऱ्याच कंपन्यांत गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर जाऊन सांगितलं की ती कमी करतात किंवा काढतात. शेवटच्या संध्याकाळी तिथं रांग लागते, आणि मला सांगायला वाईट वाटतं, रांगेत आपली माणसं पुष्कळ असतात. एकदा चाळीसजणांचा ग्रुप होता, महाराष्ट्रातलाच. पाच दिवस माझ्या चार टेबलांवर जेवले. जादा भात, जादा लिंबू, आजोबांना मऊ पोळी, सगळं धावून केलं. आजी जाताना डोक्यावरून हात फिरवून गेल्या. रात्री कळलं की त्यांच्यातल्या कुणीतरी सगळ्यांच्या कार्डांची यादी नेऊन सरसकट ग्रॅच्युइटी काढून घेतली होती. आजींना ते माहीतसुद्धा नसणार.

काका म्हणाले, "पण पगार कंपनीनं द्यायला नको का? आमच्या गळ्यात कशाला?" बरोबर आहे. मीसुद्धा नऊ वर्षं हेच म्हणत होतो. पण ती भांडणं कंपनीशी असतात आणि काउंटरवर जाऊन तुम्ही कापता ते स्टुअर्डचं. हमालीचा दर पटला नाही म्हणून गाडी उतरवून झाल्यावर हमाली बुडवत नाहीत.

सेवा खरंच वाईट मिळाली असेल तर गप्प बसू नका. पण शेवटच्या रात्री नव्हे, दुसऱ्याच दिवशी सांगा. खोली नीट आवरलेली नाही, एसी गळतो, वेटर उद्धट बोलतो, काहीही असो. गेस्ट सर्व्हिसला सांगा, हेड वेटरला सांगा. दुसऱ्या दिवशी सांगितलं तर दुरुस्त होतं. पाचव्या दिवशी सांगितलं तर फक्त पैसे कापले जातात.

हातात द्यायची बक्षिसी

हा वेगळा विषय. खासबागेत कुस्ती निकाली झाली की पैलवान मैदानात फेरी मारतो, आणि पत्रकावर छापलेलं इनाम असलं तरी खूश झालेला माणूस खिशातली नोट त्याच्या हातात ठेवतोच. ते इनाम वेगळं, ही नोट वेगळी. बोटीवरही तसंच. सक्ती कसलीच नाही. न देताही तुम्ही बरोबरच असता, ग्रॅच्युइटी भरलेली असली की झालं.

द्यायचीच असेल तर माझा अंदाज असा. चार रात्रींसाठी केबिन स्टुअर्डला खोलीमागे १० ते २० डॉलर. वेटर आणि असिस्टंटनं जीव लावून खाऊ घातलं असेल तर १० आणि ५. रूम सर्व्हिस घेऊन येणाऱ्याला दोन-तीन डॉलर, तिथल्या तिथं. बारमध्ये तुमचं नाव आणि तुमचा ग्लास लक्षात ठेवणारा असेल तर अधूनमधून एखादा डॉलर. बस. आपल्याकडं बडीशेपेच्या बशीत दहा-वीस रुपये ठेवतो ना, त्याच मनानं, पण बशीत नको. हातात, नाव घेऊन.

नोटा घरूनच घेऊन जा: एक, पाच आणि दहा डॉलरच्या. शंभराची नोट काढून "सुट्टे आहेत का" असं स्टुअर्डला विचारणारे बघितलेत मी. नाणी देऊ नका, ती बदलून मिळत नाहीत आणि त्यांचं ओझं होतं. रुपये भारतीय पोराला चालतील, पण इंडोनेशियाच्या किंवा फिलिपिन्सच्या माणसाला आपली ५०० ची नोट म्हणजे लाल किल्ल्याचं चित्र. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणाऱ्या बोटीवर मात्र रुपयेच चालतात.

शेवटच्या रात्री स्टुअर्ड गाठणं अवघड असतं, त्याची खूप धावपळ चाललेली असते. दुपारीच द्या. पाकिटावर त्याचं नाव लिहा. पाकिटं गेस्ट सर्व्हिसला मागितली की मिळतात. सुरुवातीला दिलं तर चालतं का? चालतं. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जादा उशी लागते, रोज बर्फाची बादली लागते, तर पहिल्या दिवशी पाच डॉलर आणि दोन वाक्यं. पण पाच डॉलर देऊन दिवसाला दहा वेळा बोलवायचं नसतं.

कॅप्टन, अधिकारी, डॉक्टर, काउंटरवरचे लोक यांना टिप देत नाहीत. कॅप्टनच्या स्वागत समारंभात एका शेठजींनी हस्तांदोलन करता करता त्याच्या तळव्यात नोट सरकवली होती. कॅप्टन नॉर्वेचा. त्यानं ती नोट दोन्ही बाजूंनी बघितली, हसला आणि परत शेठजींच्या खिशात ठेवली. पुढचे तीन दिवस क्रू मेसमध्ये, म्हणजे आमच्या जेवणघरात, हाच विषय.

पैशांइतकीच किमतीची एक गोष्ट फुकट आहे. शेवटी अभिप्रायाचा फॉर्म येतो, कागदावर किंवा ईमेलवर. त्यात माणसाचं नाव लिहा, छातीवरच्या पट्टीवरून बघून, स्पेलिंगसकट. 'सर्व्हिस छान होती' याला कुणी विचारत नाही. नाव आलं की ते वरच्या साहेबापर्यंत जातं, बढतीच्या वेळी ते मोजतात. मी असिस्टंटचा वेटर झालो तो अशाच नावांवर.

आणि एक आठवण, रस्त्यातच आली म्हणून. पाचव्या महिन्यात, घरची आठवण सगळ्यात वाईट येते तेव्हा, साताऱ्याच्या एका बाईंनी मला कांदा-लसूण मसाल्याचं सीलबंद पाकीट दिलं. नोट नाही, पाकीटच. त्या रात्री क्रू मेसमधल्या पांढऱ्या भातावर ते घालून खाल्लं. माझ्या फिलिपिनो रूममेटला नाकातून पाणी आलं, तरी दुसऱ्या दिवशी त्यानं परत मागितलं.

पावती वाचायची सवय

बोटीवरच्या खरेदीला रोख चालत नाही. खोलीचं जे कार्ड असतं तेच किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. कार्ड पुढं केलं की खर्च खात्यावर चढतो, आणि खर्च झाल्यासारखं वाटतच नाही. इथंच खिसा फाटतो.

दारू, कॉफी-शॉपची कॉफी, स्पा, पैसे देऊन जेवायचं रेस्टॉरंट, या सगळ्यांवर कंपनी आपणहून १८ ते २० टक्के सर्व्हिस चार्ज लावते. १२ डॉलरचं कॉकटेल १८ टक्क्यांनी १४.१६ डॉलरला पडतं, साधारण १,२७५ रुपये. त्यावर सहीची पावती येते आणि पावतीवर 'ॲडिशनल टिप' अशी रिकामी ओळ असते. टिप आधीच कापलेली आहे. ओळ मोकळी सोडू नका, आडवी रेघ मारा आणि सही करा.

फुकट काय? मुख्य जेवणघर, बुफे, तिथलं साधं पाणी, चहा-कॉफी, सकाळचा ज्यूस, बहुतेक शो, पोहण्याचा तलाव, जिम. पैसे कशाला? कोल्ड्रिंकचा कॅन, दारू, स्पेशल रेस्टॉरंट, वाय-फाय, लाँड्री, फोटो, बंदरावरच्या सहली, डॉक्टर. रूम सर्व्हिसचा नियम कंपनीगणिक बदलतो, ऑर्डरआधी विचारा. बोटीत चढताना आणि जेवताना फोटोग्राफर फोटो काढत सुटतात. काढू द्या, विकत घ्यायची सक्ती नसते.

मी स्वतः फसलो त्याचं सांगतो, म्हणजे तुम्हाला माझी अक्कल कळेल. नोकरी सोडल्यावर बायकोला घेऊन पहिल्यांदा प्रवासी म्हणून गेलो. खोलीत टेबलावर पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या होत्या. हॉटेलात असतात तशा फुकट असतील म्हणून बायकोनं एक फोडली, मग दुसरी. बाटलीच्या मानेला किमतीची चिठ्ठी लटकवलेली होती. नऊ वर्षं बोटीवर काढलेल्या माणसानं ती बघितली नाही. नंतर आम्ही घरची रिकामी बाटली बुफेवर भरून घेत होतो, तेच पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

रोज संध्याकाळी टीव्हीवर किंवा कंपनीच्या ॲपवर खातं बघा, दोन मिनिटं लागतात. चुकीचा खर्च चढला असेल तर त्याच दिवशी काउंटरवर जा.

बोटीत चढताना खात्याला कार्ड जोडतात. शक्यतो क्रेडिट कार्ड द्या. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिलं तर रक्कम अडकवून ठेवतात आणि हिशेब मिटल्यावरही ती सुटायला काही दिवस जातात. तेच पैसे पुढं सिंगापुरात हॉटेलला लागणार असतील तर अडचण. 'रुपयांत बिल करू का' असं विचारलं तर नाही म्हणा, डॉलरमध्येच ठेवा. त्यांचा रुपयाचा दर आपल्या फायद्याचा नसतो, आणि बँक तिचं परदेशी चलनाचं शुल्क लावते ते वेगळंच, पुष्कळ कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत.

बोट बंदर सोडायच्या आधी फोन फ्लाइट मोडवर टाका. हे मी सगळ्यांना दोनदा सांगतो. किनारा सुटला की फोन बोटीवरच्या सॅटेलाइट नेटवर्कला चिकटतो, आणि त्याचं रोमिंग जमिनीवरच्या पॅकमध्ये बहुधा नसतं. फोन नुसता खिशात असला तरी बिल वाढू शकतं. वाय-फाय हवंच असेल तर पॅकेज निघण्याआधी ऑनलाइन घ्या, बोटीवर बहुधा महाग पडतं. चार दिवस नातवाचं तोंड बघितलं नाही तरी चालेल असं काका म्हणाले. काकींनी त्यांच्याकडं असं बघितलं की पॅकेज घ्यायचं ठरलं.

किटली, पोट आणि बाकीचं

काकींचा मुख्य प्रश्न शेवटी आला. "मी चहाची किटली नेतोय बघा. सकाळी सहाला चहा नसला की माझं डोकं उठतं." नेऊ नका. तापणारी कॉइल असलेलं काहीही, म्हणजे किटली, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, चढतानाच स्कॅनरला पकडतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. बोटीवर आगीची भीती सगळ्यात मोठी. सकाळी लवकर बुफेवर गरम पाणी आणि दूध मिळतं, चहाची पुडी पिशवीत ठेवा. गंगावेशीतल्या धारोष्ण दुधाची चव येणार नाही, तेवढं सोसा. आणि मावा, गुटखा, खायची तंबाखू सिंगापूरला नेऊच नका, तिथं कायद्यानं बंदी आहे.

शाकाहारी, जैन जेवण बुकिंगच्या वेळीच नोंदवा. पहिल्या रात्री हेड वेटरला परत सांगा, कारण नोंद आणि स्वयंपाकघर यांची गाठ कधी पडते, कधी पडत नाही. आदल्या रात्री सांगितलं तर दुसऱ्या दिवशी डाळ-भाजी वेगळी करून देतात. हे जादा काम असतं, त्या माणसाला वर सांगितलेले पाच डॉलर जरूर द्या. तांबड्या-पांढऱ्याची अपेक्षा कुणी ठेवू नये. तिथला करी सॉस सगळ्या जगाला चालेल असा असतो, म्हणजे आपल्याला चालत नाही.

आंबा घाटात ज्याला उलटी होते त्यानं खोली मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची मागावी, तिथं हेलकावा कमी. गोळी मळमळायच्या आधी घ्यायची असते. आपल्या डॉक्टरला विचारून बरोबर ठेवा. बोटीवरचा दवाखाना चांगला असतो पण डॉलरमध्ये असतो, प्रवास विमा काढल्याशिवाय जाऊ नका.

सुरक्षेची कवायत निघण्याआधी होते, ती चुकवता येत नाही. बंदरावर उतरलात तर परत यायची वेळ बोटीच्या घड्याळाप्रमाणे. बोट थांबत नाही. बंदरावरच्या गाइडला टिप वेगळी, ती ग्रॅच्युइटीत नसते. सिंगापूर-मलेशियात तशी प्रथा नाही, थायलंडमध्ये थोडं दिलं तर आनंदानं घेतात.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगांना रंगीत चिठ्ठ्या लावून खोलीबाहेर ठेवायच्या असतात, साधारण अकराच्या आत. रात्रीतून त्या खाली जातात आणि सकाळी थेट टर्मिनलवर मिळतात. पासपोर्ट, औषधं, पैसे आणि सकाळी घालायचे कपडे छोट्या बॅगेत, स्वतःजवळ.

हे शेवटचं वाक्य मी काका-काकींना सांगायला विसरलो. बाकी सगळं त्यांनी चोख केलं. ग्रॅच्युइटी कोल्हापुरातूनच भरून गेले, स्टुअर्डला नाव लिहून पाकीट दिलं, पावत्यांवर रेघा मारल्या. आणि शेवटच्या सकाळी काका सिंगापूरच्या बंदरावर, पायात कोल्हापुरी चप्पल, अंगात चट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि बंडी अशा वेशात, इमिग्रेशनच्या रांगेत अर्धा तास उभे होते. फोटो काकींनी काढलाय. कॅलेंडरशेजारी खानावळीत लावायला दिलाय.